सरळ म्हणजे किती

उद्या दहाला उद्बोधन वर्ग.
फलकावर रंगवताना अर्ध्या द वर
ब्रश अडखळला, ओघळ आला.
गव्हाणे सर म्हणाले, राहू द्या,
लांबून कळत नाही.

चारशे बारा बिल्ले.
ऑफिसच्या यंत्रानं नावं छापली खरी,
पण रकाना अरुंद,
म्हणून औंढ्याची प्रज्ञा हत्तीअंबीरे
झाली नुसती प्रज्ञा हत्ती.
पहिल्याच दिवशी कुणी हसू नये तिला
म्हणून तो बिल्ला फाडला
आणि कोऱ्यावर, मुंग्यांच्या रांगेएवढ्या अक्षरात,
सगळं आडनाव बसवलं.
मग यादी पुन्हा वरून पाहिली:
सोनकांब, क्षीरसाग, सय्यद नूरज
एकेकाला त्याचं शेपूट परत देता देता
साडेआठ वाजले, मेस बंद झाली.

मागच्या वर्षी मी आले तेव्हा
गेटवरच्या माणसाला विचारलं, भूगोल कुठाय?
तो म्हणाला, सरळ.
आमच्या सेनगावात सरळ म्हणजे
पिठाच्या गिरणीपर्यंत.
इथं सरळ म्हणजे
वसतिगृह, बंद पडलेलं कारंजं,
रसायनशास्त्राचा वास, मोरांचं एक कुटुंब,
आणि त्याच्याही पुढं लेण्यांचा डोंगर.
पत्र्याची पेटी या हातातून त्या हातात घेत
पोचले, तर भाषणं संपलेली,
शिपाई सतरंजी झटकत होता.
माझ्या वाट्याला आलं
कागदी बशीतलं अर्धं वेफर
आणि देठ नसलेला एक गुलाब.

म्हणून यंदा बाणांचं काम मीच मागून घेतलं.
खोक्यांचे पुठ्ठे, निळा ऑइलपेंट,
तेवीस बाण.
कडुनिंबाला खिळा ठोकू देईनात मुनीरमामा,
म्हणाले, झाडाला कशाला ताप, सुतळी घ्या.

दोन मिनिटं मलाही बोलायचंय उद्या.
'आदरणीय व्यासपीठ' लिहिलं आणि थांबले.
त्याखाली सुचत गेलं ते असं:
जातीच्या दाखल्याच्या सहा झेरॉक्स काढा, चार पुरत नाहीत.
रविवारी रात्री मेस नसते, दुपारच्याच दोन पोळ्या
उचलून ठेवा.
ग्रंथालयातल्या बाई रागीट वाटतात,
त्यांना ऐकू कमी येतं, एवढंच.
आणि रडू आलं तर
प्रयोगशाळेमागची पायरी,
चारनंतर तिथं सावली असते,
कुणी विचारत नाही.
ही शेवटची ओळ खोडली.
मग पुन्हा लिहिली.

सव्वादहाला फोन.
पत्रावर चौकशीसाठी माझाच नंबर छापलाय.
"मॅडम, मुखेडहून बोलायलो.
पोरगी बसली आत्ताच गाडीत, उजाडता उतरंल.
एक विचारायचं राहिलं बघा,
तिथं चप्पल चालते का,
का बूटच लागतेत?"
मागं स्टँडवरचा भोंगा
कुठल्यातरी गाडीचं नाव घेत होता.
मला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.
चालते, म्हणाले. माझीही चप्पलच आहे.
"मंग बरं," ते म्हणाले,
आणि फोन बंद करायचं विसरले.
थोडा वेळ मी त्यांचं चालणं ऐकलं.

अकराला मुनीरमामांच्या टॉर्चमध्ये
शेवटची फेरी.
बावीस बाण जागच्या जागी.
तेविसावा, चौकातला, वाऱ्यानं फिरून
नाट्यगृह सोडून
कँटीनकडे तोंड करून बसलेला.
सुतळी सोडायला हात वर केला.
कँटीन सहाला उघडतं.
नाट्यगृहाचं कुलूप नऊला.

मामा, म्हटलं, आणखी एक गाठ मारा,
आहे तसाच राहू द्या.